भाड्याची खोली आणि भिंतीची ओल

जुन्नर तालुक्यातल्या आणे पठारावर पाण्याची कायम वानवा. आळेफाटा सोडून अहिल्यानगरच्या दिशेने आणे घाट चढला की पर्जन्यछायेचा मुलूख सुरू होतो. उन्हाळ्यात इथल्या वाड्यावस्त्या टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. अशा गावाकडून घरातल्या बुरशीचा विषय निघावा, याचे कुणाला नवल वाटेल. पण या पठारावरची निम्मी जवानी गावाबाहेर भाड्याच्या खोल्यांत जाते. कुणी बेल्ह्याच्या किंवा नारायणगावच्या कॉलेजसाठी, कुणी आळेफाट्यावरच्या दुकानासाठी, कुणी मंचर, पुणे, मुंबईत नोकरीसाठी खोली घेते. शिवाय बुरशीला धो धो पाऊस लागतच नाही. तिला मुरलेली ओल पुरते, आणि ती कोरड्या गावातल्या स्लॅबच्या खोलीतही धरते.

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडले तर पावसाचे सगळे नमुने बघायला मिळतात. नाणेघाट आणि भीमाशंकरकडे दिवसचे दिवस झड लागते. ओतूर, नारायणगाव, घोडेगावच्या पट्ट्यात पाऊस मध्यम होतो आणि आण्याला पोहोचेपर्यंत ढगांत फारसे काही उरत नाही. जुनी घरे या पावसाला ओळखून बांधलेली असत. पश्चिमेला छपराचा उतार जास्त, वळचण भिंतीच्या बरीच पुढे आणि पावसाच्या अंगाला गवता-पेंढ्याचा आडोसा. पूर्वेला मातीची माळवदे आणि जाड भिंती. आता दोन्हीकडे एकच घर दिसते. सपाट स्लॅब, चार-सहा इंची भिंत, आतबाहेर सिमेंटचा गिलावा, खिडकीवर सज्जा असला तर असला. भाड्यासाठी बांधलेल्या खोल्यांच्या रांगेत तर खर्च आणखी आखडता घेतलेला असतो. इथूनच दुखणे सुरू होते.

त्यात आपल्याकडे भाड्याचे व्यवहार मे-जूनमध्ये होतात. शिक्षकांच्या, बँकवाल्यांच्या, आरोग्य खात्याच्या बदल्या त्याच सुमारास होतात, कॉलेजचे प्रवेशही पाठोपाठ. खोली बघायला माणूस जातो तेव्हा ऊन रणरणत असते, भिंती खडखडीत वाळलेल्या असतात आणि मालकाने नुकताच रंगाचा हात मारलेला असतो. डिपॉझिट दिले जाते, सामान लागते, मृग निघतो. आषाढात कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येऊ लागतो आणि श्रावणात पलंगामागे काळे ठिपके दिसतात. घराचा दोष आणि घर बघणारा यांची गाठ एका ऋतूत पडतच नाही.

मग वाद होतो. मालक म्हणतो, तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे आत वाळत घालता. भाडेकरू म्हणतो, तुमची भिंतच पाझरते. दोघांच्याही बोलण्यात तथ्य असू शकते. पण स्वच्छतेवरून सुरू झालेले हे भांडण कधीच मिटत नाही, कारण प्रश्न पाण्याचा असतो. पाणी कुठून येते हे आधी ठरले, तर ते कुणी थांबवायचे हेही ठरते. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. ती सोडून रंग, औषधे आणि फवारे यांवर खर्च केलेला पैसा वाया जातो.

बुरशीचे बीजाणू हवेत बारमाही तरंगत असतात. घर कितीही घासूनपुसून ठेवले तरी ते येतातच. त्यांना बसायला रंग, कागद, प्लायवूड, चामडे, कापूस, साधी धूळ काहीही चालते आणि आपल्याकडचे तापमान त्यांना मानवते. एकट्या पाण्यावर आपला ताबा चालतो. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते की भिजलेली जागा २४ ते ४८ तासांत वाळली तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही, आणि घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत, जमल्यास ३० ते ५० टक्के ठेवावी. पहिला सल्ला इथेही लागू आहे. दुसरा मात्र आषाढात कागदावरच राहतो, कारण तेव्हा बाहेरच्या हवेतच ८०-९० टक्के आर्द्रता असते. थंड देशांत घरातली उबदार वाफ गार भिंतीवर जमून पाणी होते, म्हणून तिथे खिडकी उघडणे हा हमखास उपाय ठरतो. आपल्याकडे भर झडीत दिवसभर खिडक्या सताड उघड्या ठेवल्या तर ओल आत येते. उघडीप मिळाली की समोरासमोरची दारे-खिडक्या उघडायची, पंखा चालू ठेवायचा, स्वयंपाक आणि आंघोळीची वाफ तिथल्या तिथे बाहेर काढायची, हे इथले शहाणपण. हिवाळ्यात पत्र्याच्या खोल्यांत मात्र थंड देशांसारखाच प्रकार होतो. पौष-माघाच्या पहाटे पत्र्याला आतून घाम फुटतो आणि अंथरुणावर थेंब पडतात.

प्रत्येक पांढरा थर बुरशीचा नसतो, हेही सांगायला हवे. भिंतीवर मिठासारखी भुकटी येते, बोटाने चोळली की चुरते आणि पाण्यात विरघळते, तो लोणा. विटांतले आणि गिलाव्यातले क्षार ओलीबरोबर वर येतात आणि पाणी उडून गेले की मागे राहतात. लोण्याने आजार होत नाही, पण भिंतीत पाणी फिरते आहे याचा तो पक्का पुरावा आहे.

ते पाणी कुठून येते हे बहुतेक वेळा भिंतच सांगते. छताला लागून डाग असेल तर वर गच्चीवर जाऊन बघावे. आपल्याकडच्या भाड्याच्या इमारतींवर हमखास दिसते ते असे: पुढचा मजला चढवायचा म्हणून कॉलमच्या सळ्या वर काढून ठेवलेल्या, त्यांना गंज चढलेला, कोबा केलेला नाही, ढाळ दिलेला नाही आणि एका कोपऱ्यात चार बोटे पाणी साचलेले. मजला दहा वर्षांनी चढेल किंवा कधीच चढणार नाही, तोवर खालच्या भाडेकरूच्या डोक्यावर ते पाणी झिरपत राहते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका ओघळ उतरला असेल तर सज्जा नाही किंवा चौकटीची फट बुजवलेली नाही. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पोपडे सुटले असतील तर पाणी खालून चढते आहे. जोते ठेंगणे, ओल अडवणारा डीपीसीचा थर घातलेला नाही आणि भिंतीलगत सांडपाण्याची चर, असा योग असेल तर तिथे कुठलाच रंग टिकत नाही. नहाणीच्या पाठीमागच्या भिंतीवरचा डाग उन्हाळ्यातही ओला असेल तर नळाची पाइप किंवा फरशीचे सांधे गळत आहेत. पण ओघळ नाही, पट्टा नाही, कपाटामागे आणि कोपऱ्यांत नुसते ठिपके पसरले आहेत, तर ती खोलीत कोंडलेली वाफ.

शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. डबा गुंडाळायच्या ॲल्युमिनियमच्या कागदाचा वीतभर चौकोन भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी काढावा. भिंतीकडच्या बाजूला ओल दिसली तर पाणी भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ते खोलीतल्या हवेतले. मालकाशी बोलण्याआधी ही परीक्षा करून तिचा फोटो जवळ ठेवला तर निम्मा वाद तिथेच संपतो.

पठारावरच्या खोल्यांत आणखी एक गोष्ट घडते. टँकर आला की पिंप, हंडे, बादल्या, असेल नसेल ते भांडे भरून ठेवावे लागते. दहा बाय दहाच्या खोलीत तीन-चार उघडी पिंपे, गॅसवरचा स्वयंपाक, दोरीवरचे कपडे, चार माणसांचा श्वास आणि हवेला एकच खिडकी. कोरड्या गावातली भिंत ओली होते ती अशी. पिंपांवर झाकण ठेवणे एवढी साधी गोष्ट इथे उपयोगी पडते, डासांसाठी आणि ओलीसाठीही. खिडकीचे मात्र भाडेकरूच्या हातात काही नसते. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे दमट-उष्ण भागात हवा-उजेडासाठीच्या खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्र जमिनीच्या किमान एक षष्ठांश हवे, कोरड्या-उष्ण भागात एक दशांश. शंभर चौरस फुटांच्या खोलीला याप्रमाणे सोळा-सतरा किंवा किमान दहा चौरस फुटांची खिडक्या-झरोक्यांची जागा लागते. रांगेतल्या खोल्या एकमेकींना पाठ लावून बांधल्या की ती मिळणे अवघडच.

याच गावांतला शेतकरी आपल्या कांद्याची किती काळजी घेतो ते पाहावे. कांद्याची चाळ तो जमिनीपासून उंच उचलतो, खालून हवा खेळती ठेवतो, बाजू फटीफटींच्या करतो आणि छपराची पाखी पुढे काढतो. कांद्यावर काजळी धरली तर बाजारात भाव पडतो हे त्याला पक्के ठाऊक असते. ती काजळी ॲस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीची, आणि ॲस्परजिलसचेच जातभाई घराच्या भिंतींवरही वाढतात. जे ज्ञान कांद्यासाठी वापरतो तेच भाड्याच्या खोल्या बांधताना बाजूला राहावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तब्येतीवर काय परिणाम होतो, याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. ओलसर, बुरशी धरलेल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, धाप, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा यांचा त्रास अधिक होतो, हा त्यांचा निष्कर्ष. बुरशीचे अमुक प्रमाण सुरक्षित आणि तमुक धोक्याचे, अशी रेषा त्यांनी आखली नाही, कारण तसा आकडा सांगता येत नाही. म्हणून रंग काळा की हिरवा, जात कुठली, यासाठी प्रयोगशाळेत पैसे घालवायची सर्वसाधारण घरात गरज नसते. बुरशी दिसली किंवा तिचा वास आला, एवढे कारण पुरते. तान्ही मुले, म्हातारी माणसे आणि दमेकरी यांना जास्त जपावे लागते. काही दमेकऱ्यांना ॲस्परजिलसची ॲलर्जी जडते आणि दमा आटोक्यात येईनासा होतो. कोविडनंतर २०२१ मध्ये काळ्या बुरशीची दहशत बसली. तो म्युकरमायकोसिस होता, मुख्यतः अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडच्या उपचारांतल्या रुग्णांना झालेला. भिंतीवरचे काळे ठिपके दिसले की तो आजार होतो, असा अर्थ काढू नये. उलट, खोकला दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळला तर सगळे खापर भिंतीवर न फोडता क्षयाची तपासणीही करून घ्यावी.

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला भाड्याची ओली खोली नवी नाही. मुंबईचे डबेवाले मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरचे. त्यांच्यासारख्या हजारोंनी चाळींत दाटीवाटीने संसार केले. त्या चाळी का गळत राहिल्या याचा इतिहास आजच्या भाडेकरूने आणि मालकानेही वाचावा असा आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून ठेवले. भाडेकरूला संरक्षण मिळाले, ते गरजेचेही होते. पण महागाई वाढत गेली, भाडे मात्र तिथेच थांबले आणि त्या भाड्यात कौले शाकारणेही मालकाला परवडेना. शेवटी १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमावे लागले, उपकर बसवावा लागला, आणि पुढे ते काम म्हाडाकडे गेले. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अन्याय्य ठरली असल्याचे म्हटले आणि १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आता चित्र उलटे आहे. भाडे बाजारभावाने मिळते, पण करार अकरा महिन्यांचा. भाडेकरू ओलीला कंटाळून निघून जातो, मालक रंग मारून दुसऱ्याला खोली देतो. तेव्हा भाडे हलत नव्हते म्हणून दुरुस्ती होत नव्हती, आता भाडेकरू टिकत नाही म्हणून होत नाही.

कायद्यात भाडेकरूसाठी काहीच नाही असा समज आहे, तो खरा नाही. १९९९ च्या अधिनियमाचे कलम १४ सांगते की घर राहण्याजोगे, दुरुस्त ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. त्याने टाळाटाळ केली तर नोटीस द्यावी, किमान पंधरा दिवसांची वाजवी मुदत द्यावी, मग भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षभरात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त होता कामा नये. यात दोन मेखा आहेत. हे कलम ‘विरुद्ध करार नसेल तर’ लागू होते, म्हणून छापील करारनाम्यात ‘सर्व दुरुस्त्या भाडेकरूने करावयाच्या’ अशी ओळ असेल आणि आपण न वाचता सही केली असेल, तर हक्क तिथेच संपला. दुसरे म्हणजे, अधिनियम परिशिष्टातल्या ठरावीक भागांनाच लागू आहे, सरसकट प्रत्येक खेड्याला नाही.

जिथे तो लागू नाही तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आहे. त्याच्या कलम १०८ प्रमाणे, मालकाला ठाऊक असलेला आणि भाडेकरूला साध्या पाहणीत न कळणारा महत्त्वाचा दोष सांगणे मालकावर बंधनकारक आहे. मे महिन्यात रंगाखाली झाकलेली ओल हा अशा दोषाचा अगदी चपखल नमुना आहे, असे मी म्हणेन. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा मात्र कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो. त्याच्यासाठी त्याच वर्षीच्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाचे कलम ५७ आहे: जिवाला किंवा सामानाला धोका होईल असा ठाऊक असलेला दोष परवाना देणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. ही कलमे घेऊन तीन हजार रुपये भाड्याच्या खोलीसाठी कुणी कोर्टात जाणार नाही, हे मान्य. पण कराराच्या टेबलावर ती ठाऊक असणे आणि नसणे यात फरक पडतो. केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात कामांची वाटणीही दिली आहे. ढाच्याची दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी, पाइप बदलणे मालकाकडे. नळाचे वॉशर आणि गटारीची सफाई यांसारखी बारीक कामे भाडेकरूकडे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही, पण करार लिहिताना नमुना म्हणून वापरायला कुणाची ना नाही.

बाहेरच्या जगात या प्रश्नाला कायद्याचे दात यायला एका मुलाचा जीव जावा लागला. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा दगावला. सामाजिक गृहसंस्थेच्या भाड्याच्या घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने जडलेल्या श्वसनविकाराने तो गेला, असा निर्वाळा नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशीत मिळाला. वडिलांनी २०१७ पासून तक्रारी केल्या होत्या. त्यांना वरून रंग मारा असे सांगण्यात आले आणि दोष कुटुंबाच्या राहणीवर ढकलला गेला. त्या मुलाच्या नावाने २०२३ मध्ये कायद्यात तरतूद झाली आणि ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक घरमालकांना तातडीचा धोका २४ तासांत दूर करावा लागतो, आणि गंभीर ओल-बुरशीची तपासणी दहा कामाच्या दिवसांत करावी लागते. न्यूझीलंडने २०१९ च्या नियमांत भाड्याच्या घराला वायुविजन आणि पाण्याचा निचरा सक्तीचा केला. या दोन्हींत मला महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट: ओलीचे कारण आधी घरात शोधायचे, रहिवाशाला दोष द्यायचा नाही. आपली पायरी अजून तिच्या अलीकडेच आहे.

बुरशी धरलीच तर काय करावे? डाग तीन बाय तीन फुटांच्या आत असेल तर घरच्या घरी जमते. नाका-तोंडाला मास्क, हातात मोजे, मुले आणि दमेकरी दुसऱ्या खोलीत. कोरडा ब्रश किंवा झाडू मारू नये, बीजाणू घरभर उडतात. साबणाच्या पाण्याने ओले करून घासावे, पुसावे आणि पंख्याखाली पूर्ण वाळवावे. ब्लीच वापरायचेच असेल तर ते संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनियात कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. बंद नहाणीत तर जिवावर बेतू शकते. बुरशी आतपर्यंत गेलेली गादी, फुगलेले प्लायवूड, कुजलेला पुठ्ठा साफ होत नाही, टाकून द्यावा. डाग मोठा असेल, वारंवार उमटत असेल किंवा छताचा गिलावा सुटत असेल तर ते काम गवंड्याचे आणि खर्च मालकाचा. भिंत पूर्ण वाळल्याशिवाय रंग लावू नये. ओलीवर लावलेला ऑइलपेंट पाणी आत कोंडतो आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. जुन्या दगड-मातीच्या वाड्याला सिमेंटचा गिलावा करून पस्तावलेले मालक जुन्नर-ओतूरकडे सापडतील. अशा भिंतींना चुनाच मानवतो. त्यातून ओल बाहेर पडते आणि ताज्या चुन्याच्या क्षारतेत बुरशीला वाढता येत नाही.

खोली बघायला जाताना काय बघायचे, ते सांगतो. भिंतीवरचे कॅलेंडर उचलून मागे बघावे, कपाट वीतभर पुढे ओढायला लावावे, कपाटाचे दार उघडून वास घ्यावा, गच्चीवर जाऊन ढाळ बघावा. ताज्या रंगाचा एकच चौकोन दिसला तर तो का मारला ते विचारावे. सर्वांत खरी माहिती शेजारच्या खोलीतला भाडेकरू देतो: मागच्या पावसात कुठे गळत होते?

मग करारात चार गोष्टी घालाव्यात. स्लॅब, बाहेरच्या भिंती, जोते आणि पाइप यांतून येणारे पाणी मालकाने थांबवायचे. वाफ, कपडे, सफाई भाडेकरूने सांभाळायची. लेखी किंवा व्हॉट्सॲपवर तक्रार केल्यापासून पंधरा दिवसांत मालकाने पाहणी करायची. आणि ताबा घेताना, पहिल्या मोठ्या पावसानंतर व सोडताना प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो दोघांकडे राहायचे. शेवटच्या मुद्द्यावर मालकानेही अडून बसू नये, कारण डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायची वेळ आली तर तेच फोटो त्याच्याही कामाचे. कोबा आणि गच्चीचा ढाळ यांसाठी वैशाख ज्येष्ठापेक्षा बरा. गवंडी मोकळा असतो, सिमेंटला पाणी मारून ते मुरायला दिवस मिळतात, आणि खोली भाडेकरूला दाखवायच्या आधी काम उरकते.